चौदावा बोल्ट

बळवंतराव रायरीकरांना कोणी गाडीचं नाव सांगू लागलं की त्यांचं डोकं फिरायचं. "मिस्त्रीजी, फलाने साल की अमरीकन गाडी है," असं गिऱ्हाईक सुरू करायचा अवकाश, हे हात वर करून त्याला अडवायचे. "नाम छोडिये साहब. गाडी ऊपर उठाइये, मैं नीचे से देखता हूँ." गिऱ्हाईक बिचारं मोठ्या कौतुकाने गाडीची कुंडली मांडायला आलेलं असायचं, ते हिरमुसून बाजूला उभं राहायचं. बळवंतरावांना त्याची पर्वा नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडण्याआधी तो कोण आहे ते त्यालाच विचारावं, गाडीला विचारू नये. दिल्लीतल्या जुन्या परदेशी गाड्यांच्या पोटात कोणाचं काय बसवलेलं असेल याचा नेम नाही.

आणि ते खोटं नव्हतं. परदेशी वकिलातींचे साहेब बदलून गेले की त्यांच्या लांबलचक गाड्या मागे उरत, लिलावात निघत, आणि कोणा हौशी माणसाच्या दारात येऊन पडत. क्लचचं पेडल नसलेली गाडी म्हटल्यावर करोल बागेतले भलेभले मिस्त्री कानाला हात लावत. सुटे भाग देशात मिळायचे नाहीत. कोणाचा भाऊ, कोणाचा जावई अमेरिकेहून यायचा असेल तर त्याच्या सामानातून वॉशर, रबरी कड्या, क्लचच्या चकत्या असं सगळं एका डब्यात यायचं, त्याला किट म्हणत. डबा एकदाच यायचा. ओळख चुकली की तो डबा माळ्यावर टाकायच्या लायकीचा, आणि गाडी आणखी दोन वर्षं विटांवर.

म्हणून ओळखण्याची त्यांची एक रीत होती आणि ती ते सोडत नसत. आधी गिअरबॉक्सच्या कुशीवर स्क्रूने बसवलेला पत्र्याचा बिल्ला बघायचा, त्यावरचा नंबर उतरवून घ्यायचा. मग लोहचुंबक लावून अंग लोखंडाचं की ॲल्युमिनियमचं ते बघायचं. मग खालचं तेलाचं पसरट भांडं, ज्याला दिल्लीचे मिस्त्री चेंबर म्हणतात, त्याचे बोल्ट मोजायचे आणि त्याचा आकार वर्तमानपत्रावर काढायचा. बिल्ला बदलता येतो, बोल्ट बदलता येत नाहीत, असं ते शिकाऊ पोरांना इतक्या वेळा सांगत की पोरं मागे त्यांची नक्कल करत.

हे सगळं ते शिकले सरकारी मोटार वर्कशॉपमध्ये. एकोणपन्नास साली साताऱ्याहून दिल्लीला आले तेव्हा त्यांना हिंदी धड येत नव्हतं आणि थंडीचा स्वेटर नव्हता. परदेशी पाहुण्यांसाठी सरकारने ठेवलेल्या काही मोठ्या अमेरिकन गाड्या वर्कशॉपात येत. त्यांच्या गिअरबॉक्सला हात लावायला कोणी तयार नसे, तेव्हा या नव्या, गप्प माणसाच्या गळ्यात ते काम पडलं. त्यांनी मोडीत निघालेले दोन बॉक्स खोलून, प्रत्येक चकती ओळीने मांडून, परत जुळवून, परत खोलून विद्या मिळवली. पुढे त्यांचा शब्द तिथे शेवटचा झाला. एखादा बॉक्स नीट तपासून झाला की ते त्याच्या बिल्ल्यावर, नंबरच्या उजव्या अंगाला, टोकदार पोलादी पंचाने एक बारीक खळगी ठोकत. वर्कशॉपातले लोक तिला 'बळवंतची टिकली' म्हणत. टिकली असली की पुढे कोणी काही बघायचं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली ते निवृत्त झाले. पत्नी आधीच गेलेली. पहाडगंजातल्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची मुलगी अलका. ती तिथल्याच मराठी शाळेत शिकवायची आणि दिल्लीत वाढलेल्या पोरांना 'उंबरठा' म्हणजे काय हे चित्र काढून समजवायची. निवृत्तीनंतरही लोक बळवंतरावांना शोधत यायचे. घरी बोलावून न्यायचे, खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं?

पण त्याच वर्षी हिंदूराव इस्पितळात डोळे दाखवले तेव्हा तरुण डॉक्टरने सांगितलं की हा काचबिंदू आहे. गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली टिकवायला थेंब घाला, आणि बाबूजी, घरच्यांना घेऊन या. घरच्यांना त्यांनी नेलं नाही. थेंब जळजळीचे आहेत असं अलकाला सांगितलं. समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही, अंधाऱ्या जागी तर काहीच नाही. आणि गाडीच्या खालची जागा ही अंधारीच असते. माणूस हट्टाला पेटला की स्वतःलाही कसा फसवतो बघा: त्यांनी ठरवून टाकलं की आपल्या बोटांना डोळे आहेत.

विजयालक्ष्मी फाटकांचा निरोप आला तो एकोणऐंशीच्या सप्टेंबरात. विजयाताई फरिदाबादला राहायच्या आणि इंडिया गेटजवळ एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. लहानपणी पोलिओने डावा पाय गेलेला, कुबडी घेऊन चालायच्या. त्या पायाने क्लच दाबणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांच्या नवऱ्याने, उल्हासरावांनी, सरकारी लिलावातून एक जुनी, बिनक्लचची अमेरिकन गाडी उचलली आणि बायकोला चालवायला शिकवली. लोक हसले. विजयाताई सात वर्षं ती गाडी स्वतः हाकत ऑफिसला गेल्या. उल्हासराव चार वर्षांपूर्वी गेले, तरी गाडी चालूच राहिली. आता ती जागची हलत नव्हती. इंजिन गुरगुरायचं, पण चाकं फिरायची नाहीत.

गाडीवाचून त्यांचं ऑफिसला जाणं बंदच होतं. हरियाणाच्या रिक्षा दिल्लीत शिरत नसत, बसच्या पायरीवर लोंबकळणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, आणि स्टेशनचा जिना म्हणजे रोजचं मरण. त्यांनी रजा टाकली होती. ती नोव्हेंबरात संपत होती. तोवर गाडी चालू झाली तर नोकरी, नाही तर घर.

"काका, माझा धाकटा भाऊ अविनाश दिवाळीला येतोय अमेरिकेतून," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त सांगा काय आणायचं ते. बाकी मी बघते."

अंगणात कडुनिंबाखाली गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. बळवंतराव पोत्यावर पाठ टेकून आत सरकले. हातात बॅटरी होती, तिचा उजेड त्यांना नाण्याएवढा दिसत होता. त्यांनी बोटांनी चेंबरची कड चाचपली. ग्रीस आणि मातीचा थर, एक कोपरा सायलेन्सरच्या नळीआड. मोजले. तेरा आले. पुन्हा मोजले, चौदा आले. तिसऱ्यांदा मोजावं की काय, असा विचार करत असताना बोटाला बिल्ला लागला. त्यांनी स्क्रू काढून तो हातात घेतला, अंगठा फिरवला, आणि नंबरच्या उजव्या अंगाला ती खळगी लागली.

बाप रे, केवढा आनंद झाला त्यांना! गाडी आपल्याच वर्कशॉपची. आपणच तपासलेली. ते बाहेर आले, बिल्ला पुसून विजयाताईंच्या हातात दिला. "जरा नंबर वाचा. माझा चष्मा घरी राहिला."

त्यांनी वाचला. नंबर चौदा बोल्टवाल्या मोठ्या बॉक्सचा होता. बळवंतरावांना तो तोंडपाठ होता.

"बोल्ट मोजले ना काका?" विजयाताईंनी विचारलं. "उल्हास सांगायचे, करोल बागेतल्या मिस्त्र्यांकडून ऐकलेलं, तुम्ही त्यावर फार कडक आहात."

"माझी स्वतःची टिकली आहे त्याच्यावर. आता काय मोजायचं?"

अलकाने वडिलांच्या सांगण्याप्रमाणे पत्र लिहिलं, बॉक्सचं नाव, नंबर, काय काय हवं ते सगळं. पत्र अमेरिकेला गेलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी अविनाश आला. उमदा, बडबड्या, बहिणीवर जीव टाकणारा मुलगा. किटचा डबा त्याने हातातल्या बॅगेतून आणला होता, हरवू नये म्हणून. बळवंतरावांनी मोतिया खानच्या भंगार बाजारातून दोन माणसं बोलावून बॉक्स खाली उतरवून, खोलून ठेवला होता. अंगणात उन्हात वर्तमानपत्रं पसरली, चेंबर धुऊन तोंड वर करून ठेवला, आणि बळवंतरावांनी डब्यातलं बुचाचं नवं पॅकिंग, चेंबरच्या कडेवर बसणारी ती भोकांची चौकट, वर ठेवलं. विजयाताई खुर्चीवर बसल्या होत्या. ऑफिसची पर्ससुद्धा त्यांनी काल झाडून ठेवली होती, हे त्यांनीच हसत सांगितलं.

पॅकिंग बसेना. बळवंतरावांनी ते फिरवून पाहिलं. मग बोटाने भोकं मोजली, चौदा. चेंबरची मोजली, आता स्वच्छ होती, उन्हात होती, शंकेला जागाच नव्हती. तेरा. पॅकिंगचं एक भोक कोऱ्या लोखंडावर येत होतं.

त्याच क्षणी त्यांना आठवलं. एकाहत्तर साल. ऑडिट येणार होतं. या गाडीचा मूळ बॉक्स निकामी झाल्यामुळे त्यांनी दुसऱ्या, अपघातात गेलेल्या गाडीचा बॉक्स तिला बसवला होता. पण गाडीच्या कागदांत जुना नंबर होता, आणि नंबर जुळला नाही तर ऑडिटवाले वर्षभर पाठ सोडत नसत. सुपरिंटेंडेंट म्हणाले, "रायरीकर, बिल्ला इधर का उधर कर दो, बात खतम." अशी बिल्ल्यांची अदलाबदल तिथे सर्रास चाले, कागद जुळले की सगळे सुखी. जुन्या बॉक्सवरचा बिल्ला बळवंतरावांनी स्वतःच्या हाताने काढून नव्यावर बसवला होता. टिकली जुन्या बॉक्सची होती. आठ वर्षांनी तिने त्यांनाच फसवलं.

"काका, काही चुकलं का?" अविनाशने विचारलं.

खरं सांगायला फार शब्द लागले नसते. पण ते म्हणजे बळवंत रायरीकरने बोल्ट न मोजता बॉक्स ओळखला. आणि का नाही मोजले, तर दिसत नाही म्हणून. त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "तिकडच्या दुकानदाराने दुसरंच दिलंय."

अविनाशचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं असणार. तुमचं पत्र तिकडेच राहिलं, मी आठवणीने नंबर सांगितला दुकानात. यार, मी पण ना…"

"तू नेहमीचाच वेंधळा, अवि," विजयाताई म्हणाल्या. आवाज हसरा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"अगं, थांब ना ताई. माझा एक मित्र दहा नोव्हेंबरला येतोय दिल्लीला. आज तार केली तर तो घेऊन येईल. काका, फक्त नाव पुन्हा एकदा सांगा. या वेळी लिहून घेतो."

त्याने खिशातून पेन काढलं. आता बळवंतरावांची खरी कोंडी झाली. तेच नाव सांगावं तर पुन्हा चुकीचा डबा येणार. बरोबर नाव सांगावं तर आधीचं चुकीचं होतं हे उघड, पत्र तिकडे होतं आणि ते लिहिणारी अलका त्यांच्याच घरात होती. बरोबर नाव त्यांच्या ओठांवर होतं. तेरा बोल्टचा, धाकट्या घराण्याचा बॉक्स, त्यांनी असे वीस उघडले होते. ते वाकले, एक क्लचचा ड्रम हातात घेतला, तो चकाकत होता, त्याला ओरखडासुद्धा नव्हता, आणि तो खाली ठेवून म्हणाले, "राहू द्या. आतलं सगळं झिजलंय. हा बॉक्स आता होणार नाही."

"पक्कं?" विजयाताईंनी विचारलं.

"पक्कं."

"तुम्ही म्हणताय म्हणजे विषयच संपला," त्या म्हणाल्या आणि कुबडी घेऊन आत चहा करायला गेल्या.

त्यानंतरचे चार आठवडे बळवंतरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. जेवण जाईना. अलकाने दिवाळीचा फराळ समोर ठेवला की चिवड्यातले दाणे बाजूला काढत बसायचे. रोज सकाळी ठरवायचे की आज फरिदाबादला जाऊ, आणि रोज काहीतरी निघायचं: आज पाय दुखतो, आज त्या घरी नसतील, आज रविवार. भित्र्या माणसाला सबबी शोधाव्या लागत नाहीत, त्या आपणहून दारात येतात. दहा नोव्हेंबर आला आणि गेला. त्या दिवशी ते अंथरुणातून उठलेच नाहीत.

मग एके संध्याकाळी अलका शाळेतून आली ती बातमी घेऊनच. "बाबा, महाराष्ट्र मंडळात विजयाताई भेटल्या. त्यांनी रिटायरमेंट घेतली. अर्ज मंजूर पण झाला, एरवी फाईल हलत नाही, ही मात्र पळाली. आणि अविनाशशी वाजलंय त्यांचं. त्याच्यामुळे वेळ गेला असं बोलल्या त्या रागात, आणि तो दोन दिवस आधीच निघून गेला. बिल्कुल बोलत नाहीत एकमेकांशी."

बॉक्सचा त्यांनी विचार करून ठेवला होता, नोकरीचाही. या भावाबहिणीचा केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या शटलने ते फरिदाबादला गेले. प्लॅटफॉर्मवर दोनदा माणसांना धडकले, एकाने "अंधे हो क्या?" म्हणून खेकसलं.

फाटक उघडून आत आले तर अंगण मोठं वाटलं. कडुनिंबाखाली ठोकळे होते, तेलाचा काळा डाग होता. गाडी नव्हती.

"परवा नेली," विजयाताई दारातून म्हणाल्या. "मायापुरीचे भंगारवाले होते. साखळी लावून ओढली त्यांनी. या ना, आत या."

आता तर गाडीच नव्हती. न सांगता चहा पिऊन परत जाता आलं असतं, कोणाला कधी कळलं नसतं. बळवंतराव खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. ऑडिट, बिल्ला, टिकली. तेरा आणि चौदा. हिंदूरावचा डॉक्टर. पॅकिंगचं जास्तीचं भोक. अविनाशचं काही चुकलं नव्हतं, पत्रात लिहिलं होतं तेच त्याने आणलं होतं. बोलताना त्यांनी विजयाताईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी खिडकीकडे पाठ करून बसलेल्या त्या बाईंचा चेहरा त्यांना दिसला नसता.

विजयाताईंनी विचारलं, "बॉक्स चांगला होता?"

"होता."

"किती चालला असता?"

"चकत्या बदलल्या असत्या तर… दहा वर्षं. बारा."

"आणि अवि पेन काढून उभा होता तेव्हा तुम्हाला बरोबर नाव माहीत होतं."

"हो."

"एक शब्द होता काका."

बळवंतरावांनी मान खाली घातली. "विजयाताई, माझं चुकलं. मोजण्यात चुकलं ते एक, पण नंतरचं… मला रात्ररात्र झोप नाही. तुम्ही अविनाशला पत्र लिहा. माझं नाव घालून लिहा."

"ते मी लिहीनच. ते तुमच्यासाठी नाही." त्या कुबडीवर भार देऊन उभ्या राहिल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "परवा गाडी निघाली तेव्हा मी तिच्यापुढे नारळ फोडला. म्हटलं, बिचारी सात वर्षं ओझं वाहून थकली, आता तिचं संपलं. तिचं संपलं म्हणून माझं संपलं, यात कोणाचा दोष नाही. मनाची समजूत पटली होती हो माझी. आता घरात बसून रोज मला काय आठवणार, सांगा? आज तुमची झोप परत आली असेल. माझी गेली."

चहा झाला नाही. त्यांनी दारापर्यंत येऊन पायरी किती उंच आहे ते सांगितलं, आणि ते उतरले.

त्यानंतर बळवंतराव सात वर्षं जगले, पण गाडीखाली गेले नाहीत. लोक यायचे मात्र थांबले नव्हते. फरिदाबादहून आल्यावर तीन-चार दिवसांतच करोल बागेतला एक सरदारजी जिना चढून आला, खाली गल्लीत त्याची गाडी उभी होती. "मिस्त्रीजी, फलाने साल की…" त्याने सुरुवात केली. बळवंतरावांनी त्याला अडवलं नाही. गाडीचं नाव, साल, कुठून घेतली, सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "सरदारजी, मुझे दिखाई नहीं देता."

आत अलका वह्या तपासत बसली होती. तिला ते तेव्हा कळलं.